थोरलीचे बोट

स्नानसंस्काराची नोंदवही ही माझ्या रोजच्या हाताळणीतली वस्तू. जन्मतारीख, संस्काराची तारीख, आईवडिलांची व धर्ममातापित्यांची नावे आणि शेवटी धर्मगुरूची सही. पुढे त्या बाळाचे दृढीकरण झाले, विवाह झाला किंवा त्याने गुरुदीक्षा घेतली, की त्याच नोंदीच्या समासात बारीक अक्षरात तेवढी भर पडते. वीतभर जागेत एक अख्खे आयुष्य मावते. मात्र ते बाळ पालथे कधी पडले, कधी रांगले, पहिले पाऊल त्याने कोणत्या उंबऱ्याशी टाकले, याला त्या वहीत जागा नाही. शुभवर्तमानकारांनीही या बाबतीत हात आखडताच घेतला आहे. लूकने बारा वर्षांच्या येशूची यरुशलेमची यात्रा सविस्तर सांगितली. परंतु नाझरेथच्या अंगणात त्याने मरियेचे बोट कोणत्या महिन्यात सोडले, हे लिहावे असे त्याला वाटले नाही. कुणा आईने शुभवर्तमान लिहिले असते, तर तिने वारसुद्धा सांगितला असता.

अशी एक न लिहिली जाणारी नोंद मला अलीकडे जवळून पाहता आली. माझ्या बहिणीच्या मुलीला दोन अपत्ये. थोरली मुलगी २०१६ च्या मे महिन्यातली आणि धाकटा मुलगा २०२२ च्या जुलैतला. मी त्यांच्या आईचा मामा, म्हणून त्यांचा 'फादर आजोबा'. माझ्या धर्मग्रामापासून त्यांचे घर स्कूटरने पंधरा मिनिटांवर आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला जावे आणि उन्हे कलली की सर्वांनी मिळून कोठेतरी 'भुर्र' जावे, असा आमचा परिपाठ पडला. सहल, पर्यटन, भटकंती असे कितीतरी शब्द आपल्यापाशी आहेत. पण पाखराच्या पंखांचा आवाज घेऊन मराठी आयांनी घडवलेल्या या शब्दाची सर त्यांना नाही. धाकट्याच्या तोंडून उमटलेल्या पहिल्या चार शब्दांत तो होता. आई, मम्म आणि 'ताता' हे उरलेले तीन. ताता म्हणजे ताई.

त्याच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तेव्हा ओट्यावर शेजारपाजारची मंडळी जमली होती. येणारा प्रत्येकजण थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होता: "आता तू मोठी झालीस हं!" आदल्या रात्री ती झोपली, तेव्हा घरातले एकुलते लेकरू होती. सकाळी उठली ती मोठी होऊनच. बाळाला पालथे पडायला आपण चार-पाच महिने देतो, बसायला सात-आठ देतो. या सहा वर्षांच्या मुलीला मोठे व्हायला एका रात्रीची मुदत मिळाली. तिने ती मुकाट्याने मान्य केली, याचेही कोणाला नवल वाटले नाही.

मग तिचे दूरध्वनी सुरू झाले. आईच्या मोबाइलवरून ती मला वार्ता कळवीत असे. "फादर आजोबा, आपलं बाळ आज बसलं. पडलं, पण आधी बसलं." पडण्याच्या आधीचे ते बसणे तिने किती वेळ टिकले म्हणून मोजले होते? "पाच आकडे." बातमीतला 'आपलं' हा शब्द मला विशेष आवडे. बाळाच्या बोलीचा अर्थ लावण्याचे कामही तिच्याकडेच होते. तो 'ग्गा' म्हणाला की आजी पाणी आणी, आई खुळखुळा आणी, ही स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगे, "त्याला मांजर बघायचंय." आणि ते खरे असे.

धाकट्याची पहिली खरी भुर्र भुईगावच्या समुद्रावर झाली. तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. सुरूच्या सावलीत चटई अंथरली. त्याच्या आईने त्याला काखेत धरून वाळूवर उभे केले, तोच त्याने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि भोकाड पसरले. कितीतरी बाळांना वाळूचा पहिला स्पर्श सहन होत नाही. ते मऊ, खरखरीत आणि पायाखालून सरकणारे काय आहे, हे त्यांना उमगत नाही. मोठ्यांनी समजूत घातली, शंख दाखवले, उचलून लाटांजवळ नेले. उपयोग शून्य. थोरलीने आपल्या पायांतल्या चपला काढल्या, वाळूवर शेजारी शेजारी मांडल्या आणि आईला म्हणाली, "यांच्यावर ठेव." त्या ओळखीच्या रबरावर तो उभा राहिला. दहा मिनिटांनी एक अंगठा चपलेच्या कडेवरून हळूच वाळूत गेला. त्या दिवशी तेवढेच झाले. ती मात्र अनवाणी होती आणि चैत्रातली वाळू तापलेली होती. ती पाय आलटून पालटून उचलीत उभी होती, हे माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आले की नाही, देव जाणे.

दहाव्या महिन्यात तो रांगू लागला आणि मे महिन्याच्या अखेरीस आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती आला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला, एवढा इतिहास थोरलीला मी वाटेतच सांगून टाकला होता. तिला त्यात फारसे स्वारस्य नव्हते. फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर नावे व वर्षे कोरलेली आहेत. नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलीला अशी जागा म्हणजे मेजवानीच. ती कोरीव अक्षरांत बोट फिरवीत एकेक अक्षर सुटे वाचत होती, आणि तिच्यामागून धाकटा चारशे वर्षांपूर्वीच्या साहेबांवरून आणि त्यांच्या बायकांवरून गुडघे टेकीत निघाला होता. एका शिळेवर थांबून तिने मला विचारले, "यांना धाकटा भाऊ होता का?" मी म्हणालो, असेल. "मग त्याचं नाव कुठंय?" त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत नाही.

वर्ष भरले. केक कापला, फुगे फुटले. आणि त्यानंतर घरात एक प्रश्न येऊन बसला, तो उठेचना. मुलगा चालत कसा नाही?

तेरावा महिना गेला, चौदावा गेला. धरून उभा राही, पलंगाच्या कडेने सरके, पण हात सोडला की मटकन खाली. समोरच्या घरातले बाळ दहाव्या महिन्यात चालले होते, आणि त्याची चित्रफीत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचली होती. पूर्वी तुलना विहिरीवर होई, आता ती खिशात येऊन वाजते. भाचीला जो तो सल्ला देऊ लागला. कोणी म्हणे, तू त्याला सारखा कडेवर घेतेस. कोणी म्हणे, थोरलीच त्याला सगळे हातात आणून देते, मग तो कशाला पाय उचलील? हा दुसरा आरोप थोरलीच्या समोर झाला. त्यानंतर दोन दिवस त्याने खेळण्याकडे हात केला, तरी ती ते द्यायला उठेना.

बालरोगतज्ज्ञांनी मुलाला नीट तपासले. खुबे पाहिले, पायांतला जोर पाहिला, तो बोलावल्यावर वळून बघतो का, वस्तू चिमटीत उचलतो का, हेही पाहिले आणि सांगितले, "अठरा महिने होऊ द्या. तोवर नाही चालला, तर पुढच्या तपासण्या करू." दुकानात मिळतो तो चाकांचा, बैठकीचा वॉकर मात्र आणू नका, अशी त्यांनी ताकीद दिली. त्यात मूल पायऱ्यांवरून कोसळते आणि चालणे काही लवकर येत नाही. कॅनडाने तर २००४ पासून अशा वॉकरवर बंदीच घातली आहे. माळ्यावरचा लाकडी पांगुळगाडा काढला, तर त्यांची हरकत नव्हती. तो मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलावा लागतो.

मला आकड्यांची आवड आहे, हा सेमिनरीतल्या तर्कशास्त्राचा परिणाम असावा. मी शोधून काढले की, जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बालकांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचा सर्वसाधारण काळ त्यांनी ८.२ ते १७.६ महिने असा दिला आहे. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन निरोगी बाळांत नऊ महिन्यांचे अंतर पडू शकते. शंभरातली चारेक बाळे तर हातांगुडघ्यांवर रांगतच नाहीत; सरळ उभी राहतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली आणखी एक गंमत नोंदवली. बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. मी हे सारे भाचीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, माझा तर अजून पडतही नाही. पडायला आधी चालावं लागतं."

त्या महिन्यांत धाकट्याला चालवण्याचे काम थोरलीने आपणहून उचलले. शाळेतून आली, दूध प्यायली, की ती त्याच्यापुढे आपली तर्जनी धरी. त्याची पूर्ण मूठ त्या बोटाभोवती आवळली जाई. मग ती पाठीत वाकून, उलट्या पावलांनी, ओट्यापासून केळीच्या वाफ्यापर्यंत आणि तिथून परत. वाफ्यापलीकडे बावखल आहे; त्या बाजूला ती त्याला कधीच जाऊ देत नसे, आणि त्यासाठी तिला कोणी बजावलेही नव्हते. अर्ध्या तासाने ती एखाद्या म्हातारीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राही.

हे दृश्य पाहून मला एका चित्राची आठवण होई. विद्यार्थिदशेत ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मी ते प्रथम पाहिले. रेम्ब्रांटचे १६५६ च्या सुमाराचे एक रेखाटन आहे. मूळ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. बोरूच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेले. एक मूल चालायला शिकते आहे. एका बाजूने आईने धरले आहे, दुसऱ्या बाजूने बहिणीने. समोर बाप उकिडवा बसून हात पसरतो आहे आणि मागून एक बाई दुधाची बादली घेऊन चालली आहे. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी या रेखाटनाची मनापासून स्तुती केली आहे. आई सरावलेली आहे, ती ताठ आहे. बहीण मात्र वाकून मुलाच्या तोंडाकडे पाहते आहे, हा घाबरला तर नाही ना, म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमधली ती मुलगी मी आमच्या केळीच्या वाफ्याशी पाहत होतो.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे आणि तीही आपल्याच जिल्ह्यात दिसली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांतल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे या बायांनी पाहिले. मुलींना बोल लावण्यापेक्षा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला घेऊन ये, पण ये. थोरलीच्या बोटाला किंमत असते, हे त्यांना कळले होते. आपण सुखवस्तू घरांत ती किंमत शाबासकीत चुकती करतो आणि हिशेब मिटला असे समजतो.

आमच्या घरी तो हिशेब निर्मळच्या यात्रेत निघाला.

निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे ती डिसेंबरात गेली. आमच्या वसईत ही यात्रा साऱ्यांचीच. हिंदू-ख्रिस्ती भेद न करता सर्व घरे लोटतात. सुकेळी घ्यायची, चार भांडी घ्यायची आणि पोरांना आकाशपाळण्यात बसवायचे. आदल्या वर्षी धाकटा चार महिन्यांचा होता, म्हणून घरातले कोणीच गेले नव्हते. तेव्हा थोरलीला शब्द दिला होता: पुढच्या वर्षी नक्की. वर्षभर तिने तो शब्द जपून ठेवला होता.

त्या रविवारी मुलांच्या वडिलांची पाळी होती, ते मुंबईला कामावर गेले. भाची, माझी बहीण, दोन मुले आणि मी असे पाचजण निघालो. पाळणेवाला म्हणाला, लहान मुलाबरोबर मोठे माणूस हवे. मला उंचीवर भोवळ येते. बहिणीचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. राहिली आई. धाकट्याला आजीकडे देऊन ती रांगेत उभी राहिली, आणि त्याने असा काही टाहो फोडला, की सुकेळीच्या दुकानातली माणसे बाहेर आली. दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा भाची रांगेतून बाहेर आली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी बसू या हं, बाळा. तू मोठी आहेस ना?"

थोरली रडली नाही. फिरत्या पाळण्याकडे पाहत स्पष्ट शब्दांत म्हणाली, "तो नसता तर मी आता वर असते."

"असं बोलू नये!" आजी म्हणाली. आई काहीच बोलली नाही. मत्सर या विषयावर मी पुष्कळ प्रवचने दिली आहेत, परंतु त्या वाक्यात मला मत्सर दिसला नाही. ते वाक्य खरे होते. तो नसता तर ती वर असती.

तिने आमच्याकडे पाठ फिरवली आणि बांगड्यांच्या दुकानाकडे चालू लागली. धाकटा आईचे बोट धरून खाली उभा होता, हुंदके देत. त्याने ती पाठ पाहिली. आजवर ती त्याच्यासमोरून गेली होती, ती नेहमी उलट्या पावलांनी, तोंड त्याच्याकडे करून. पाठमोरी जाताना तिला त्याने बहुधा प्रथमच पाहिले असावे. "ताता," तो म्हणाला. ती थांबली नाही. मग त्याने आईचे बोट सोडले. दोन्ही हात खांद्याइतके वर, पाय फाकलेले, पोट पुढे. एक, दोन, तीन. माझी बहीण मोठ्याने मोजत होती. सातव्या पावलाला तो धुळीत बसला. बांगडीवाल्या बाईने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या दुकानदाराने वाजवल्या, भाचीने तोंडावर पदर धरला.

थोरली वळली. "काय झालं?"

"चालला! अगं, तो चालला!"

तिने जमिनीवर बसलेल्या भावाकडे पाहिले. "खोटं," ती म्हणाली.

तीन महिने जिने पाठ मोडून त्याला चालवले, तिनेच ते पाहिले नव्हते. तिने पुष्कळ आर्जवे केली, बोट पुढे धरले, बोट काढून घेतले. तो हसत बसून राहिला. त्याने पुन्हा पाऊल टाकले ते मंगळवारी.

त्या रात्री साडेनवाला भाचीचा फोन आला. "मामा, ती विचारतेय, मी पाठ फिरवली म्हणून तो चालला का? काय सांगू?" मुलाच्या स्नायूंची तयारी आधीच झाली होती, सतरा महिने पुरे झाले होते, आज नाही तर उद्या तो चाललाच असता, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "हो म्हणून सांग." क्षणभर थांबून भाची म्हणाली, "मलाही तेच वाटतं."

गुरुवारी मुलांच्या वडिलांनी रजा काढली आणि थोरलीला एकटीला यात्रेत नेले. ती दोनदा पाळण्यात बसली. वरून आपले घर दिसले, असे तिचे म्हणणे आहे. ते शक्य नाही. पण मी वाद घातला नाही.

फेब्रुवारीत आम्ही होडीतून अर्नाळ्याच्या बेटावर गेलो. होडी हलू लागली तसा धाकटा तिच्या मांडीत घट्ट बसून होता. किनारा लागताच उतरला आणि सुटला. वाळूचे भय केव्हाच सरले होते. तिने सवयीने बोट पुढे केले, ते त्याने हाताने बाजूला सारले आणि किल्ल्याच्या तटाकडे दुडदुडत निघाला. ती त्याच्यामागे चार पावलांवर चालत राहिली. बोट अजून किंचित पुढेच होते. मग ते तिने फ्रॉकच्या खिशात घातले.

"आई, मी कधी चालले?" तिने चालता चालता विचारले.

"अकरा महिने पुरे व्हायच्या आत. ओट्यावर. संध्याकाळची वेळ होती, दिवे लागले नव्हते." पहिल्या अपत्याच्या बाबतीत आईला काही आठवावे लागत नाही.

"माझं बोट कुणी धरलं होतं?"

"कुणी नाही. तू कठड्याला धरून उभी होतीस. एकदम सोडलास आणि आलीस."

थोरलीने यावर थोडा विचार केला. तेवढ्यात पुढे धाकटा एका दगडाला अडखळून पडला आणि रडावे की नाही, हे ठरवण्यासाठी त्याने मागे वळून पाहिले. तिने खिशातून हात काढला नाही. "ऊठ," ती म्हणाली. तो उठला.